तूच काहीतरी दाबलं असशील

डोळस माणसाला वाचता येतं हा एक मोठा गैरसमज आहे. त्याला दिसतं, एवढंच. काचबिंदूनं माझे डोळे गेले, त्यानंतर मला पुष्कळांनी वाचून दाखवलं आणि त्यातल्या एकानंही समोर छापलेलं सगळं वाचलं नाही. भाऊ पेपर वाचायचा तो मथळे आणि सोयाबीनचा भाव. भावजय वाचायची ती निधनवार्ता, त्याही ओळखीच्या आडनावांच्या. मधलं सगळं दोघंही एकाच वाक्यात उरकायची, "बाकी असंच काहीतरी हाय." मी शाळेत इतिहास शिकवणारी बाई. बाकी असंच काहीतरी म्हणून मी पोरांना इतिहास शिकवला असता, तर हेडमास्तरांनी मला डोळे असतानाच घरी बसवलं असतं.

म्हणून मी संगणक घेतला. कळंबला भावाच्या घरी राहते, लग्न केलं नाही, आणि ते का केलं नाही हे विचारणाऱ्यांशी मी बोलत नाही. संगणक जुना होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घेतलं, कारण ते फुकट असतं आणि त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असतो. तो आवाज काही गोड नाही. सर्दी झालेल्या तलाठ्यानं सातबारा वाचावा तसा वाचतो. पण गाळत नाही. स्वल्पविराम आला तर स्वल्पविराम म्हणून सांगतो. मी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत ऐकायला लागले, पुस्तकं ऐकायला लागले, स्वतः लिहायला लागले. अडलं की माझ्यासारख्याच आंधळ्या लोकांना लिहून विचारायचं, ते सांगतील ते करायचं, बिघडलं की परत विचारायचं. मी काही इंजिनियर नाही. पण त्या खोक्यासमोर बसले की मला कुणाला हाक मारावी लागत नव्हती, आणि ही गोष्ट काय असते ते ज्याला उठसूट हाका माराव्या लागतात त्यालाच कळेल.

ही हकीकत नवरात्रातली. आमच्याकडं घट बसायच्या आधी घर धुवून काढतात. गोधड्या, पडदे, डबे, भांडी, जे हाताला लागेल ते भावजय धुते. मी बाजूला सरकले नाही तर मलाही धुवून वाळत घालेल. संगणक देवघराच्याच खोलीत, आणि घटाला जागा पाहिजे, म्हणून त्याचं टेबल उचलून समोरच्या भिंतीला लावलं. मी म्हटलं, तारा मी लावते. तर भाऊ म्हणाला, "राहू दे ताई, आम्ही बघून लावतो." बघून. हा शब्द आमच्या घरात माझ्यासमोर फार सहज वापरतात.

घट बसला, आरती झाली, मी बटण दाबलं. आतला पंखा सुरू झाला. मग संगणक सुरू झाल्याची जी एक छोटी धून वाजते ती काही वाजली नाही. मी थांबले. बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा थांबले. नुसता पंखा. बोलणारं यंत्र बोलायचं बंद झालं की आंधळ्याला ते लाकडाच्या ठोकळ्याइतकंच उपयोगी. पडद्यावर काय आलंय ते विचारायला भावाला हाक मारली.

तो आला, बघितलं, म्हणाला, "काळं झालंय सगळं. बारीक बारीक इंग्रजी लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"लई हाय. एरर आलाय काहीतरी."

"काय एरर ते वाच की."

"तूच काहीतरी दाबलं असशील," तो म्हणाला, आणि गेला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्या माणसाला स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही, आडतीतून फोन आला की गल्लीभर ऐकू येतो, आणि म्हणे मी काहीतरी दाबलं. पण खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली. कारण मी सारखं काही ना काही दाबत असतेच. आदल्या आठवड्यात नवे बदल, म्हणजे अपडेट, उतरवून घेतले होते, त्यातच काही घोळ झाला असणार असं माझ्या मनानं घेतलं. चालू होताना खालचा बाण दाबून जुनी आवृत्ती निवडता येते, ते अंदाजानं करून बघितलं. न दिसणाऱ्या यादीत न दिसणारी ओळ निवडायची. तीच शांतता. मागून हात घालून तारा चाचपल्या, सगळ्या घट्ट होत्या. ज्या होत्या त्या. नसलेली तार चाचपून बघायची अक्कल मला त्या वेळी सुचली नाही.

अशा प्रसंगासाठी मी एक पेनड्राइव्ह करून ठेवला होता. तो लावून चालू केलं की संगणक स्वतःच्या पोटातलं काही न वापरता त्या पेनड्राइव्हवरून बोलायला लागतो. तो शोधला. सापडला. लावला, तर काही नाही. भावजय म्हणाली, त्यात पोरानं लग्नाचा व्हिडिओ भरून नेला होता, आत्याच्या पेनड्राइव्हमध्ये काहीच दिसत नव्हतं म्हणून. पोरगं म्हणजे माझा भाचा, पुण्याला कंपनीत संगणकाचंच काम करतो. बघा म्हणजे.

त्याच भाच्याला भावानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला. भाचा म्हणाला, "आत्या, हे लिनक्स वगैरे कशाला ठेवतेस, विंडोज टाक." मी म्हटलं, समोर काय लिहिलंय ते वाच. तर म्हणाला नीट दिसत नाही, फोटो पाठवा. फोटो पाठवला. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, एक लिंक. संगणक बंद पडलेल्या आंधळ्या बाईला वाचण्यासाठी लिंक. माझा फोन बटणांचा आहे हे त्या पोराला ठाऊक आहे, तोच मला चिडवत असतो त्यावरून. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग भावानं बस स्टँडकडच्या दुकानातून संगणक दुरुस्त करणाऱ्याला आणलं. हा गृहस्थ खोलीत आला तेव्हापासून जाईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. जे बोलला ते माझ्या भावाशी, माझ्याबद्दल.

"ह्यांना काय काय लागतं संगणकात?"

"ह्यांना विचारा," मी म्हटलं. "ह्या इथंच बसल्यात."

त्यानं ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. "साहेब, हे लिनक्स कुणी चालवत नाही आपल्याकडं. फॉरमॅट मारतो आणि विंडोज टाकून देतो. आतलं काही ठेवायचं नाही ना?"

"बोलणारा आवाज टाकता येतो का तुम्हाला?" मी विचारलं.

"साहेब, स्पीकर चालू आहेत, गाणी वाजतील की."

ह्या माणसाला पडद्यावरचं वाच म्हटलं तर म्हणाला, "बूट एरर." मी म्हटलं, बूट एरर म्हणजे चालू होत नाही, ते मलाही कळलंय, न दिसता कळलंय. नेमकी ओळ कोणती आहे? तर म्हणाला, "तसल्या ओळी येतच असतात." डॉक्टरनं पेशंटकडं न बघता दुखतंय तर पाय कापू म्हणावं, त्यातला प्रकार. ह्याच्याकडं एकच औषध, फॉरमॅट. सगळं पुसायचं आणि पुन्हा भरायचं. शहरभर ह्याची दुकानदारी चालते आणि मी काहीतरी दाबते.

तो गेल्यावर भाऊ माझ्याजवळ बसला. समजुतीच्या सुरात बोलायला लागला की मला जास्त राग येतो. म्हणाला, "ताई, दसऱ्याच्या दिवशी तो दुकानवाला येऊन हे खोकं घेऊन जाईल. तुला नवा मोबाइल आणू, बोललं की सगळं सांगतो. आपल्याला डोळ्यांशिवाय ह्या भानगडी झेपत न्हाईत. परवा हे बंद पडलं, उद्या शॉक बसेल. आणि वाचायचं म्हणशील तर आम्ही हाय की घरात."

आम्ही हाय की. म्हणजे परत मथळे आणि सोयाबीन आणि बाकी असंच काहीतरी. मी त्याला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते आणि रडले असते तर ते माझ्या विरुद्ध गेलं असतं. पण मला आत पक्कं कळलं होतं. दसऱ्यापर्यंत हे खोकं बोललं नाही तर ते जाणार, आणि बिघाड माझ्या हातून झाला असं ठरलेलंच आहे, तेव्हा दुसरं येणार नाही. मग उरलेलं आयुष्य लोकांनी गाळून दाखवलेलं ऐकायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ बाजारात होता. भावजय घटाच्या दिव्यात तेल घालायला आली. ही येरमाळ्याकडची, देवीच्या गावची, नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालत नाही, त्यामुळं ती खोलीत आलेली मला कळत नाही आणि मी दचकते. आमच्या दोघींचं फार सख्य नव्हतं. भांडण नाही, पण ती तिच्या मालिकांत आणि मी माझ्या पुस्तकांत. तिच्या मालिकांबद्दल माझं मत काय आहे ते तिला माहीत होतं, कारण मी ते मनात ठेवत नाही.

तरी मी म्हटलं, "अगं, जरा हे वाचून दाखव."

"मला इंग्रजी न्हाय जमत वन्सं. धावीनंतर सुटलं."

"इंग्रजी नको. एकेक अक्षर सांग. अगदी वरच्या ओळीपासून. काही गाळायचं नाही."

मी संगणक पुन्हा चालू केला, पंखा फिरून स्थिर होईपर्यंत थांबले, आणि ती खुर्ची ओढून बसली. "कंसात ओ के," तिनं सुरू केलं. मग त्या ओळीतली सगळी अक्षरं. पुढची ओळ, परत कंसात ओ के. डोळस शहाणा इथंच "सगळं ओके हाय" म्हणून उठून गेला असता. हिला काय महत्त्वाचं ते कळत नव्हतं, म्हणून हिनं काहीही सोडलं नाही. टिंब आलं की टिंब म्हणायची. मधेच दिव्याकडं बघून यायची आणि जिथं बोट ठेवून गेली तिथूनच पुढं. मी डोक्यात अक्षरं जुळवत होते. कंटाळा आला, घसा तिचा कोरडा पडला, पाणी पिऊन आली.

मग म्हणाली, "हितं कंसात ओ के न्हाय. टी आय एम ई हाय."

"पुढं."

"डी ई व्ही, तिरपी रेघ. डी आय एस के, तिरपी रेघ. बी वाय, आडवी रेघ, एल ए बी ई एल, तिरपी रेघ. पी यू एस टी ए के." ती थांबली. "वन्सं, ह्येच्यात पुस्तक लिहिलंय की."

मी टाळी वाजवली. आता हे सांगायला पाहिजे. माझी पुस्तकं संगणकाच्या पोटात मावत नव्हती, म्हणून ती बाहेरच्या एका डिस्कवर ठेवलेली. पत्त्यांच्या कॅटाएवढी डिस्क, पाकिटात घालून, तार लावून कायमची जोडलेली. तिला मी नाव दिलं होतं, पुस्तक. आणि अतिशहाणपणा करून संगणकाला तंबी देऊन ठेवली होती की ही डिस्क जागेवर असल्याशिवाय पुढं जायचं नाही. तो बिचारा तेच करत होता. पुस्तक येईना म्हणून वाट बघून थांबत होता, आणि तसं पडद्यावर स्पष्ट लिहूनही सांगत होता. भावाला, पुण्याच्या इंजिनियरला, स्टँडवरच्या फॉरमॅटवाल्याला. तिघांनाही डोळे होते.

"टेबलाच्या मागं खिळ्याला एक पाकीट लटकत होतं," मी म्हटलं. "जुन्या जागी. तार होती त्याला. भाच्यानं अडकवलं होतं. ते कुठाय?"

भावजयीनं खुर्ची मागं सरकवली.

"अगं, कुठाय?"

"ते म्या काढलं," ती म्हणाली. "कातड्याचं होतं वन्सं. घटाच्या खोलीत कातडं कसं ठिवायचं? ह्यांचे पट्टे, पाकिटं, चपला, समदं पोत्यात घालून माळ्यावर टाकलंय. त्येच्यातच हाय."

मग मला आठवलं ते पाकीट. आठवडी बाजारात घेतलेलं. "ते कातडं नव्हतं," मी म्हटलं. "रेक्झिन होतं. रेक्झिन. प्लास्टिकच्या खुर्चीला जेवढा विटाळ तेवढाच त्याला."

"वासावरनं कातडंच वाटलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला. माळ्यावर चढून तिनं ते पोतं उतरवलं, पाकीट बाहेरच्या खोलीतच ठेवलं, आतली डिस्क तेवढी काढून हात धुऊन आणली. गोमूत्र शिंपडू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक थेंब जरी पडला तरी मी ह्या घरात राहणार नाही. तार लावली, बटण दाबलं, धून वाजली आणि सर्दी झालेला आवाज बोलायला लागला. मी त्याला पेपरचं पहिलं पान काढायला लावलं आणि उगाच बराच वेळ ऐकत बसले. भावजय मागं उभीच होती. मग म्हणाली, "सांगा तुम्ही ह्यांना. माझ्या हातनं झालं म्हणून सांगा."

सांगणारच होते. मी काही थोर मनाची नाही. रात्रीच्या जेवणाला भावाला पहिल्या घासाबरोबर सांगितलं, तुझ्या बायकोनं डिस्क काढून माळ्यावर टाकली होती, मी काही दाबलं नव्हतं. तो हसला. "असं व्हय? बरं झालं, मिटलं ना," म्हणाला आणि ताक मागितलं. झालं. माझ्या हातून झालं असतं तर संगणक घराबाहेर, बायकोच्या हातून झालं तर ताक. पण फॉरमॅटवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला त्यानं, तेवढं केलं.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले. भावाच्या बाजारातला एक व्यापारी आणि त्याची बायको जरा बसले. घट उठला होता, टेबल अजून त्याच भिंतीला होतं. व्यापाऱ्यानं विचारलं, ताईंचा संगणक बिघडला होता म्हणे. भाऊ म्हणाला, "व्हय, ताईनं काहीतरी दाबलं होतं. झाला परत चालू."

मी म्हटलं, "मी काही दाबलं नव्हतं. डिस्क काढली होती."

"असू द्या हो ताई," व्यापाऱ्याची बायको म्हणाली. "दिसत न्हाय म्हटल्यावर व्हायचंच." आणि माझ्या हातावर हात ठेवून थोपटलं. शाळेत मी पहिलीच्या पोरांनाही असं थोपटलं नाही.

तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "वन्संनी न्हाय. म्या काढली होती ती तार. साफसफाईत."

मग व्यापारी भावाला म्हणाला, "बघा. वहिनी कशा सांभाळून घेतात." त्याची बायको म्हणाली, "भावजय असावी तर अशी. नणंदेचं नाव म्हणून पुढं येऊ दिलं न्हाय." भावाला बरं वाटलेलं मला त्याच्या श्वासावरून कळलं. त्याला खरं काय ते ठाऊक होतं. ताक पिताना ऐकलं होतं त्यानं.

"अवो, खरंच म्या काढली," भावजय म्हणाली. "सांभाळून न्हाय घेत. कातड्याचं वाटलं म्हणून काढली. इचारा ह्यांना."

ते तिघंही हसले. प्रेमानं हसले. व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "बाई, लई मोठं मन तुमचं."

ट्रे टेबलावर आदळला. कपातला चहा बशीत सांडल्याचा आवाज आला. मला जे बोलायचं होतं ते तिनं दोनदा बोलून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. पाहुणे चहा पिऊन, आपट्याची पानं माझ्या हातात कोंबून, सांभाळून राहा म्हणून गेले. भाऊ त्यांना सोडायला खाली उतरला.

भावजय कपबश्या गोळा करत होती. मग ती थांबली आणि माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमचं बोलणं रोज असंच उडवून लावतेत का वो ही माणसं?"

"रोज नाही," मी म्हटलं. "घरात डोळस कुणी असेल त्या दिवशी."

ती हसली नाही. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ उठली नाही.